कॉलेजचं स्थळ

खिरवाडे, १० जानेवारी १९५५

आज संस्थेची सभा झाली. अध्यक्ष रतिलालशेठ जिनवाले यांनी पान लावता लावता माझ्यावर बॉम्ब टाकला. आमची अकरावी भरते ती त्यांच्या कापसाच्या जिनाच्या रिकाम्या गोदामात. शेठ म्हणाले, "लीलाधर मास्तर, तुमची ही पहिली अकरावी. हिच्यातला एक तरी मुलगा जूनमध्ये कॉलेजात गेला, तर वर्ग चालू. नाही गेला, तर खोली मला सरकी ठेवायला पाहिजे."

मी धुळ्याहून इथं आलो तो वरचे वर्ग शिकवायला. अकरावी बंद म्हणजे मी पुन्हा पाचवीला आंबा काढायला शिकवणार. हेडमास्तर बन्सीलालजी खिडकीतून बाहेर पाहत राहिले. त्यांना असं काही झालं की बाहेर पाहायची सवय आहे.

वर्गात नऊ मुलगे. शिवाय कौतिक आबा झोप्यांची सुगंधा. पण मुलीची गणती यात होत नाही. माझी सगळी मदार रुपचंदवर. गावातले सर्वांत मोठे केळीवाले झिपरू नाना भंगाळे, त्यांचा मुलगा. हुशार आहे, फक्त नानांनी सांगितल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही.

१७ जानेवारी

मुलांना कॉलेजची सवय लागावी म्हणून आजपासून हजेरी कॉलेजच्या पद्धतीनं. नाव नाही, नुसता नंबर; आणि उत्तर "प्रेझेंट सर". नथ्थूनं "हजर हाये जी" म्हटलं, त्याला दहा वेळा म्हणायला लावलं. दहा नंबरला मागून कोणी तरी झकास "प्रेझेंट सर" म्हणालं. पाहतो तो सुगंधा. मी म्हटलं, तुला याची गरज नाही, तू आपली मराठीत सांग. बसली खाली.

२३ जानेवारी

पालकसभा अपूर्व झाली! आधी मी कॉलेजचे फायदे सांगत होतो तेव्हा अर्धे पालक डुलक्या घेत होते. या लोकांना समजेल अशी उपमा पाहिजे, असं ऐन वेळी मनात आलं. मी आवाज चढवून म्हणालो, "मंडळी, कॉलेज निवडणं म्हणजे सोयरीक करणं. घाई करू नका. आधी स्थळ पाहा, चौकशी करा, घराणं बघा, पसंत पडलं तरच होकार द्या!"

सगळे खाडकन जागे झाले. टाळ्या पडल्या. झिपरू नाना उठून म्हणाले, "मास्तर, आतापावेतो कोनी आमाले इतकं साधं-सुदं करून सांगितलं नव्हतं." मागून कुणी तरी कुजबुजलं, की मास्तरांचं स्वतःचं अजून जमलेलं नाही आणि सोयरिकीचं सांगतात. मी दुर्लक्ष केलं.

खरोखर, शिक्षकाला उपमा सुचली पाहिजे. बाकी सगळं आपोआप होतं.

५ फेब्रुवारी

जळगावला कॉलेज पाहून आलो. मी चार मुलांना नेणार होतो. निंभोरा स्टेशनावर पोचलो तर मुलं चार आणि फेटेवाले वीस-बावीस. नानांचे मामा, चुलते, दोन व्याही, शिवाय अय्युबभाई बँडवाले आपली क्लॅरिनेट घेऊन. मी विचारलं, बँड कशाला? अय्युबभाई म्हणाले, "नाना बोले, चलो. बजाना के नहीं, वहां देखेंगे."

दुपारच्या भरीत-भाकरीसाठी कोणी तरी बाईमाणूस पाहिजे म्हणून कौतिक आबांनी सुगंधाला बरोबर घेतलं होतं. वांगी, ती भाजायला तुरखाट्या, पाटावरवंटासुद्धा गाडीत चढला.

कॉलेजच्या फाटकात शिपाई आडवा आला. दोंडाईचाकडचा असावा. म्हणाला, "बठ्ठा जन कोना लगीनले उनात भो? हाई कॉलेज शे!" नाना म्हणाले, "माहीत हाये. तेच पाहाले आलो."

मग पाहणी सुरू झाली. एका व्याह्यांनी विहिरीत वाकून पाणी किती खोल ते पाहिलं. मामांनी भिंतीला थाप मारून "पक्की हाये" म्हटलं. सज्जन प्रिन्सिपॉलसाहेबांनी सर्वांना खोलीत बसवलं. नानांनी त्यांना मूळ गाव विचारलं, घरात वडीलधारं कोण ते विचारलं, आणि इथं आलेली किती पोरं पळून गेली तेही विचारलं. साहेबांनी सगळ्याची सरळ उत्तरं दिली. शेवटी चहा-बिस्किटं आली. चहा सर्वांनी घेतला, बिस्किटाला मात्र कोणी हात लावेना. सगळे नानांकडे पाहत होते. नानांनी बराच वेळ विचार केला, एक बिस्किट उचललं आणि तोंडात टाकलं. लगेच सगळ्यांनी खाल्ली. एका व्याह्यांनी नानांना मिठी मारली. बिस्किटांचं एवढं काय कौतुक ते मला कळलं नाही.

निघताना नाना हात जोडून म्हणाले, "आता तुमी या आमच्याकडे." साहेब म्हणाले, "येऊ, जरूर येऊ." किती मोकळा माणूस!

एकच गालबोट लागलं. बाहेर येऊन पाहतो तर भरीत पार करपून कोळसा, आणि सुगंधाचा पत्ता नाही. शोधलं तर पोरगी रसायनशाळेच्या खिडकीला नाक लावून उभी. मी तिला खूप रागावलो. घरून एवढं काम सांगून आणलं होतं! ती म्हणाली, "सर, निळ्या पाण्यात थेंब टाकला की ते लाल होतं." मी म्हटलं, आणि वांगं विस्तवावर टाकलं की काळं होतं, ते कोण पाहणार? सर्वजण हसले. कोरडी भाकरी खाऊन परत आलो.

२८ मार्च

परीक्षा संपली. रुपचंदचे पेपर उत्तम. सुगंधाला कसे गेले ते विचारायचं राहिलं.

६ मे

गावात काय उत्साह संचारला आहे! झिपरू नानांनी सगळ्या घराला चुना दिला, दाराला हिरवा रंग लावला, ओट्यावर नवी सतरंजी आणली. नथ्थूच्या घरीही रंग चालू आहे. नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "रुपचंदचं जमलं. जयगावचं कालेज हाये." शिक्षणाचा एवढा अभिमान मी धुळ्यातही पाहिला नाही. हे सर्व एका भाषणानं झालं, हे लिहिताना थोडा संकोच वाटतो, पण खरं आहे.

कौतिक आबा बाजारात भेटले. सुगंधासाठी भडगावचं स्थळ आलं आहे म्हणाले. मुलगा बिजवर, पण शेती बागायत. जूनअखेर बोलणी. मी अभिनंदन केलं. आबा "हो ना" म्हणाले आणि कांदे निवडत बसले.

८ जून

निकाल लागला! रुपचंद, नथ्थू आणि भागवत, असे तीन मुलगे पास. तीनही पोरं कॉलेजला जाणार म्हणजे शेठना सरकी डोक्यावर ठेवावी लागणार. सुगंधाही पास झाली. तिचे मार्क रुपचंदपेक्षा बरेच जास्त आहेत, पण मुली पाठांतर करतात. सर्वांची गुणपत्रकं मीच आणली आणि मुलांची माझ्या पिशवीतच ठेवली, घरी हरवायला नकोत. सुगंधानं मात्र तिचं मागून नेलं.

कॉलेजात प्रवेशाची शेवटची तारीख २० जून.

११ जून

डोकं चालेनासं झालं आहे. सकाळी नानांकडे गेलो, म्हटलं, उद्याच्या गाडीनं रुपचंदला घेऊन जाऊ, नाव घालू. नाना सतरंजीवर तक्क्याला टेकून बसले होते. मला म्हणाले, "आमी काहून जाऊ?"

"म्हणजे? प्रवेश घ्यायला नको?"

"मास्तर, आमी पोऱ्यावाले. आमी स्थय पायलं, पसंत केलं, तोंड गोड केलं. आता त्याईनं याचं, नारय द्याचा, पोऱ्या मांगाचा. पोऱ्यावाला कधी स्वतः होऊन दारी जातो का?"

मी म्हटलं, "नाना, ते कॉलेज आहे."

"तुमीच सांगितलं ना, सोयरीक हाये म्हनून? अन् साहेबानं शब्द देला हाये, येतो म्हने. मी घराले चुना देऊन बसलो."

मी म्हणालो, ती उपमा होती. नाना म्हणाले, "उपमा असू द्या, नाईतर काही असू द्या. गावात मले तोंड दाखवाचं हाये."

तिथून नथ्थूच्या आणि भागवतच्या घरी गेलो. दोघांचे बाप म्हणाले, नानाच्या पोऱ्याचं होऊ द्या, मग आमचं. माझ्या भाषणाचा यांनी इतका विपर्यास करावा, याचं मला फार वाईट वाटलं.

येताना अय्युबभाई भेटले. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हमारे में तो लडकेवालेच पैगाम लेके जाते, मास्तर. पर मेरा असलम अभी पाचवी में हय."

१४ जून

जळगावला जाऊन आलो. प्रिन्सिपॉलसाहेबांना विनंती केली की एक नारळ घेऊन खिरवाड्याला यावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, "मास्तर, तुमची प्रकृती बरी आहे ना?" मी खुलासा केला, त्यानं गोष्ट आणखी बिघडली. म्हणाले, "वीस तारखेनंतर मी काही करू शकत नाही." फाटकातल्या शिपायानं माझ्याकडे कीव येऊन पाहिलं.

१६ जून

आज केलं ते लिहायला नको, पण दैनंदिनीत खोटं कशाला. बन्सीलालजींना काळा कोट घातला, हातात नारळ दिला आणि कॉलेजकडून आलेले पाहुणे म्हणून नानांच्या ओट्यावर नेलं. नानांनी त्यांना पाट दिला, पाय धुवायला पाणी दिलं. मग विचारलं, "हेडमास्तर, तुमी कालेजाकडून आले का शायेकडून?" बन्सीलालजी खिडकीकडे पाहू लागले. ओट्याला खिडकी नव्हती, तरी पाहू लागले. नाना म्हणाले, "तुमी आमच्याच गावचे. पोऱ्याकडचे धरले जाल तुमी." नारळ परत दिला.

संध्याकाळी रुपचंद विहिरीपाशी भेटला. इकडं तिकडं पाहून हळूच म्हणाला, "सर, मी पळून जाऊ का?" मी त्याला म्हटलं, "घरच्यांच्या संमतीवाचून? चांगल्या घरच्या मुलाला हे शोभतं का?" बिचारा मान खाली घालून गेला. त्याला मी असं का म्हणालो, हे घरी आल्यावर मलाच समजेना.

१७ जून

आज कौतिक आबा आले. डोक्याला धुतलेला फेटा, हातात नारळ, खण आणि दारात घुटमळणं. मला वाटलं भडगावच्या लग्नाची पत्रिका.

"मास्तर," आबा म्हणाले, "जयगावले येता का संगं? पोरीचं इचारून पाहू."

"कोणाला विचारून पाहू?"

"कालेजाले. नानाचं बरोबर हाये, तो पोऱ्यावाला. पन मी तं पोरीवाला. पोरीच्या बापाले दारी जाच लागतं. सहा दारं फिरलो मी तिच्यासाठी, आता सातवं. मले कायची लाज?"

मी विचारलं, "आणि भडगाव?"

आबा खाली बसले. "दोनी स्थयं ताडून पायली. भडगाववाले हुंडा मांगतात. हे बी मांगतात, फी म्हनतात त्याले. पन भडगाववाले पोरगी नेतात ते नेतातच. हे चार वरसानं वापस देतात. असं स्थय मी तं पायलं नाई, मास्तर."

आबांसारख्या साध्या माणसाला एवढा विचार कसा सुचला, देव जाणे. दाराबाहेर सुगंधा उभी होती. तिच्याकडे पाहिलं तर ती भिंतीवरची पाल पाहत होती.

१८ जून

गेलो. फाटकात शिपाई म्हणाला, "उनात का परत?" पण वाट सोडली.

प्रिन्सिपॉलसाहेब मला पाहून दचकलेच. आबा मात्र सरळ पुढं झाले. फेटा काढून टेबलावर ठेवला, त्याच्या शेजारी नारळ ठेवला आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, पोरगी हाये. रंगानं सावयी हाये, पन मार्क चांगले हायेत. भरीत करपवते, ते आधीच सांगतो. पदरात घ्या."

खोलीतला कारकून फस्सकन हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी सुगंधाचे मार्क पाहिले, मग आबांचा फेटा दोन्ही हातांनी उचलून आबांच्या डोक्यावर ठेवला आणि नारळ स्वतःच्या कपाळाला लावून घेतला. "घेतली," म्हणाले. आबांचे डोळे भरून आले. माझेही आले, ते मी धुळीवर ढकललं.

विज्ञान शाखा घेतली. मी कला सुचवली होती, मुलींना बरी पडते म्हणून. सुगंधा म्हणाली, "निळ्याचं लाल का होतं ते अजून कळलं नाही, सर." राहायचं तिच्या मावशीकडे, सुनंदाबाईंकडे, ठरलं आहे.

१९ जून

सकाळीच शेठकडे धावत गेलो. म्हटलं, अकरावी वाचली! शेठनी विचारलं, कोण गेला? सांगितलं. शेठनी पान थुंकलं. "मुलगी? मुलगी धरत नाही मी. मुलीची गणती यात होत नाही, मास्तर. परवा सरकी येते आहे."

मला भयंकर राग आला. हेच वाक्य मी याआधी कुठं तरी वाचल्यासारखं वाटलं, कुठं ते आठवेना. मी मोठ्यानं म्हणालो की सगळ्या गोदामात सर्वांत जास्त मार्क तिचे आहेत. शेठ म्हणाले, "मार्क असतील. आपलं बोलणं मुलाचं होतं." त्यांच्या माणसांनी वर्गातले बाक भिंतीला लावायला घेतलेसुद्धा.

रात्री धड जेवलो नाही. उद्या शेवटचा दिवस.

२० जून

आजचं आजच लिहितो.

सकाळच्या पॅसेंजरनं सुगंधा निघाली. निंभोऱ्याच्या स्टेशनावर सगळं गाव. लग्नाची बोळवण असावी तशी बायकांनी तिची ओटी भरली. आई बेबाबाई पाठराखीण म्हणून बरोबर जाणार होत्या, त्यांनी आधीच रडून घेतलं. अय्युबभाईंना कोणी बोलावलं नव्हतं, ते क्लॅरिनेट वाजवतच आले. नवरी रडेपर्यंत गाडी हलू द्यायची नाही, अशा थाटात बायका तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. सुगंधा काही रडेना. तिच्या काखेत नवी कोरी वही होती आणि ती सारखी घड्याळाकडे पाहत होती.

झिपरू नानाही आले होते, रुपचंदला घेऊन. नथ्थू, भागवत आणि त्यांचे बाप मागं उभे. नाना पुढं होऊन म्हणाले, "पोरी, तठी गेल्यावर साहेबाले सांग. म्हनावं, नानानं बिस्कुट खाल्लं हाये. मी वाट पाहून रायलो. दिल्या शब्दाले जागा म्हनावं."

सुगंधा म्हणाली, "सांगते, नाना." मग थोडी थांबली. "नाना, मला त्यांनी परवा पदरात घेतलं. मंग आता मी कोनाकडची?"

नाना म्हणाले, "त्याईचीच."

"मंग कालेजाकडून मी आली, असं धरता का?"

तिनं ओटीतला नारळ काढला, पदर डोक्यावर घेतला आणि भर फलाटावर नानांपुढं वाकून म्हणाली, "आमाले तुमचा रुपचंद पसंत हाये. त्याले आमच्याकडे द्या."

क्लॅरिनेट बंद पडली. नानांनी फेटा सारखा केला, घसा खाकरला आणि म्हणाले, "इचार करा लागीन. आमच्यात इचारल्याबराबर हो म्हनत नाई."

गार्डानं शिट्टी दिली. सुगंधा तशीच वाकलेली. बेबाबाई डब्यातून ओरडल्या, "नाना, तुमच्यासाठी गाडी थांबीन का? कायचा इचार करता!" नानांनी मामांकडे पाहिलं, व्याह्यांकडे पाहिलं. व्याह्यांनी मान हलवली. नानांनी नारळ घेतला, कपाळाला लावला आणि असे काही ओरडले की इंजिनवालाही वळून पाहू लागला: "रुपचंद! चढ!"

रुपचंद अंगावरच्या कपड्यांनिशी चढला. मी पिशवीतून त्याचं गुणपत्रक काढून खिडकीतून आत कोंबलं. नानांनी कमरेचा पैशांचा कसा सोडून तसाच्या तसा आत फेकला. रुपचंद चढलेला पाहून नथ्थू आणि भागवतही पळत सुटले आणि मागच्या डब्यात चढले. त्यांना तर कोणी मागितलंही नव्हतं. त्यांची गुणपत्रकं मी धावत धावत गार्डाच्या हातात दिली. क्लॅरिनेट पुन्हा सुरू झाली. गाडी सुटता सुटता मी का कोण जाणे ओरडलो, "दहा नंबर!" खिडकीतून आवाज आला, "प्रेझेंट सर!" फार स्पष्ट उच्चार होता. तो मी शिकवलेला नाही.

शेठ ओव्हरब्रिजखाली उभे राहून पाहत होते. मी त्यांना बोटं मोजून दाखवली, चार. त्यांनी तोंड फिरवलं, पण आपल्या माणसाला "बाक परत जागेवर लावून टाक" म्हणालेले मी ऐकलं.

गर्दी पांगली तरी नाना नारळ घेऊन उभेच. मी म्हटलं, नाना, चला. नाना म्हणाले, "मास्तर, आमी पोऱ्यावाले. अन् पोऱ्याच त्याईच्या घरी ऱ्हायाले गेला. म्हंजे घरजावई झाला का माझा रुपचंद?" आणि एवढा मोठा माणूस फलाटावर बसून लेक सासरी गेल्यासारखा रडायला लागला.

कौतिक आबा शेजारी बसले. त्यांनी नानांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "रडू नका, नाना. हे स्थय चांगलं हाये. चार वरसानं वापस देतात."

"नक्की देतात का, मास्तर?" नानांनी विचारलं.

मी "देतात, देतात" म्हणालो आणि त्यांच्याजवळच खाली बसलो.